कोरीनच्या ट्रेलरचा मागचा कोपरा

३ नोव्हेंबर

आमच्या राहत्या ट्रेलरची बाहेर सरकणारी खोली परत अडकली! बटण दाबलं की मोटर नुसती घरघरते, खोली चार बोटं बाहेर येते आणि थांबते. मग मी आतून ढकलायचं, माझ्या नवऱ्याने, ड्वेनने, बाहेरून ओढायचं. मी सदुसष्टची, तो एकाहत्तरचा. सोफा आणि जेवायचं टेबल त्या सरकत्या खोलीत. ती बाहेर सरकली नाही तर टेबलावर चढून संडासात जावं लागतं. आज दोनदा चढले.

कंपनीला फोन केला. पाऊण तास गाणं ऐकवलं. मग एक पोरगी — "मॅडम, तुमची वॉरंटी चौदा ऑक्टोबरला संपली." म्हटलं, अगं, खोली पंचवीसला अडकली, अकराच दिवस तर झाले! "हो ना मॅडम, अकरा दिवस झाले." मी तिच्याच बाजूने बोलतेय असं वाटलं तिला.

आणि समोर, रस्त्याच्या पलीकडे, कोरीनचा ट्रेलर. तोच कारखाना, तेच मॉडेल, तोच तपकिरी पट्टा. तिने एक बोट लावलं आणि खोली लोण्यातून सुरी जावी तशी बाहेर आली. मग ती कॉफी घेऊन पायरीवर बसली आणि मला हात केला. मीही केला. काय करणार, सख्खी बहीण!

ट्रेलर आधी मी घेतला होता. गेल्या वर्षी, ऑक्टोबरात, मेसाच्या डीलरकडून. जानेवारीत ती आणि तिचा नवरा लाइल आम्हाला इथे यूमाच्या ट्रेलर-वसाहतीत भेटायला आले, दोन दिवस राहिले, आणि तिसऱ्या दिवशी मेसाला जाऊन तस्साच घेऊन आले. "तुझ्यासारखाच हवा होता मला!" लहानपणापासून हेच. मी फ्रॉक घ्यायचा, तिने तसाच हट्टाने मागायचा, आणि तो तिच्याच अंगावर जास्त शोभायचा.

तिची वॉरंटी सत्तावीस जानेवारीपर्यंत आहे. तिला तिची गरज काय!

७ नोव्हेंबर

फ्रिज गेला. कोरीन लगेच धावत आली — "तुझं दूध माझ्याकडे ठेव गं, माझ्यात भरपूर जागा आहे." असणारच. आता रोज सकाळी गाऊनवर रस्ता ओलांडून बहिणीच्या दारात दूध मागायला उभं राहायचं.

८ नोव्हेंबर

लाइल फडकं घेऊन ट्रेलर पुसत होता. मला पाहून म्हणाला, "सगळं देखभालीवर असतं, मार्लिस. महिन्यातून एकदा शिडी लावायची, छतावर चढायचं, एकेक सांधा बघायचा."

ड्वेनला उंचीवर चक्कर येते हे लाइलला माहीत आहे. शिडीच्या दुसऱ्या पायरीवरच ड्वेनचे पाय लटपटतात. तरी बोलला! ड्वेन हसला फक्त. मी नाही हसले.

१५ नोव्हेंबर

क्लबघरात सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. मी बटाट्याच्या पोळ्या, लेफ्से, केल्या, आई करायची तशा पातळ, एकेक हाताने लाटून. गॅसची एकच शेगडी चालते, त्यामुळे चार तास लागले. कोरीनने दुकानातून आणलेला केक ठेवला. लोक म्हणाले, "वा, कोरीन!"

लेफ्से पण संपल्या. पण कोणी विचारलं नाही कोणी केल्या.

२८ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. टर्की कोरीनच्या ओव्हनमध्ये, कारण माझा पेटतच नाही. तिच्या टेबलावर, तिच्या दिव्यांच्या माळेखाली जेवलो. जेवणाआधी तिने हात धरून प्रार्थना केली, आणि शेवटी — "आणि देवा, मार्लिसच्या ट्रेलरकडेही बघ." सगळे आमेन म्हणाले. मला कुठे तोंड लपवू असं झालं. माझ्या ट्रेलरची कीव थेट देवापर्यंत पोचवली बाईने!

अंगठी घातली होती तिने. आईची. नऊ वर्षं आईला मी सांभाळलं. मायनॉटच्या थंडीत, बर्फ उपसून, तिला दवाखान्यात नेऊन-आणून. कोरीन तेव्हा कॅलिफोर्नियात. आई रोज संध्याकाळी विचारायची, "कोरीन कधी येणार?" आणि जाताना अंगठी तिला. मी तेव्हा काही बोलले नाही. अजूनही बोलत नाही. इथेच लिहिते.

९ डिसेंबर

झोपायच्या खोलीत मागच्या कोपऱ्यात भिंत फुगली आहे. बोट दाबलं तर आत गेलं! भिंतीत बोट जातं म्हणजे काय?

ड्वेन बघून खाली बसला. म्हणाला, "मार्लिस, आपलं मायनॉटचं घर आपण विकून बसलोय." मला माहीत नाही का! चौघंही विकून बसलोय. हा पत्र्याचा डबा म्हणजेच आता घर.

१२ डिसेंबर

लूपे नावाची मेकॅनिक आली. फिरती दुरुस्तीवाली, व्हॅनमध्येच सगळा कारखाना. पन्नाशीची, बुटकी, हातावर जुन्या भाजल्याच्या खुणा. कोरीन आणि लाइल पोहायला गेले होते. ड्वेनने टॉर्च धरला. लूपेने बाहेरून कोपऱ्यावरची ॲल्युमिनियमची पट्टी सोडवली आणि आत चिमटा घातला. लाकूड भिजलेल्या केकसारखं हातात आलं.

"बघा," ती म्हणाली. "पट्टीखाली पाणी अडवणारं सीलंट भरायलाच विसरलेत. स्क्रू पण लाकडात नाहीत, हवेत आहेत. पहिल्या दिवसापासून पाणी आत जातंय. तुमची काही चूक नाही, बाई."

काही चूक नाही! मला तिचा हात धरावासा वाटला. लाइलला बोलावून ऐकवावंसं वाटलं.

मग ती म्हणाली, "तुमच्या वर्षीच्या या मॉडेलचे मी चार उघडले. चारही असेच, मागचा डावा कोपरा. आतून सडतं, बाहेरून वर्षभर कळत नाही. वॉरंटीत असेल तर डीलर काही कटकट न करता करून देतो, त्यांना माहीत आहे. तुमच्या ओळखीत कोणाकडे असला तर आत्ताच सांगा त्यांना."

मी म्हटलं, "नाही. कोणी नाही ओळखीचं."

का म्हटलं? तोंडातून निघालं. लूपे पाठमोरी होती, नाहीतर समोर तोच तपकिरी पट्टा तिला दिसलाच असता. ड्वेनने टॉर्च हलवला. उजेड माझ्या अंगावर आला आणि परत भिंतीवर गेला.

ती गेल्यावर तो म्हणाला, "कोरीनला सांगायला हवं."

"सांगते. तू नको बोलूस. माझी बहीण आहे, मी सांगते."

"बरं."

१३ डिसेंबर

सकाळी दूध आणायला गेले. सांगणारच होते. कोरीन म्हणाली, "अगं, लाइल म्हणतो, तुम्ही पहिल्यापासून नीट लक्ष दिलं असतं तर..." पुढचं ऐकलं नाही. दूध घेतलं आणि आले.

उद्या सांगेन.

१४ डिसेंबर

नाही सांगितलं.

१८ डिसेंबर

भिंत उघडी पडली आहे. लूपेने सडलेलं सगळं काढलं, लाकूड मागवलं, ते यायला तीन आठवडे. तोवर निळी ताडपत्री. वारा सुटला की रात्रभर फडफडते, आत रेती येते. उशीत रेती, कॉफीत रेती, ड्वेनच्या कानात रेती.

कोरीनकडे गेले. तिने कॉफी दिली. मग विचारलं, "ती मेकॅनिक काय म्हणाली गं नक्की? कशाने झालं?"

"पाण्याने," मी म्हटलं.

"पाणी कुठून आलं?"

"आता पाणी कुठून येतं, कोरीन! वरून!"

ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली. आईसारखे डोळे आहेत तिचे. तेही तिलाच मिळाले.

ड्वेनने परत विषय काढला नाही. विसरला असेल. हल्ली चष्मा कुठे ठेवला तेही विसरतो.

२१ डिसेंबर

आज एक गोष्ट कागदावर मांडते, म्हणजे डोक्यातून जाईल. तिला सांगितलं तर काय होईल? ती मेसाला जाईल. डीलर फुकट करून देईल. लाइल येऊन चारचौघांत सांगेल, वेळेवर लक्ष दिलं की असं असतं. तिची भिंत नवी. माझी ताडपत्री. पुन्हा ती नशीबवान आणि मी बावळट.

आणि तिचा ट्रेलर खरंच खराब असेल कशावरून? लूपेने चारच उघडले. पाचवा चांगला असेल. कोरीनचं सगळं चांगलंच निघतं.

नाही गेलं डोक्यातून.

२५ डिसेंबर

नाताळ. कोरीनने मला स्वेटर दिला, हाताने विणलेला, निळा. मापात बसला. मी तिला मेणबत्ती दिली, दुकानातली.

जेवल्यावर भांडी पुसताना तिने पुन्हा काढलं. "मार्लिस, आमचाही ट्रेलर तोच आहे ना. आम्ही काही बघून घ्यायला हवं का?"

हातात ताटली होती. मी ती पुसत राहिले. कोरडी झाली तरी पुसत राहिले.

"तुझा चांगला आहे गं," मी म्हटलं. "तुला काय धाड भरली आहे?"

"नक्की?"

"नक्की."

ती म्हणाली, "बरं." फडकं घडी करून ठेवलं आणि बाहेर लाइलकडे गेली.

आता हे नुसतं न सांगणं राहिलं नाही. हे खोटं बोलणं झालं. नाताळच्या दिवशी. स्वेटर अंगात घालून.

६ जानेवारी

ते दोघं निघाले. क्वार्ट्झसाइटला ट्रेलरवाल्यांची मोठी जत्रा भरते, तिथे दोन आठवडे वाळवंटात राहणार. ट्रेलर जोडला, खोली आत सरकली, गेलेसुद्धा! आम्ही ताडपत्री बांधून इथेच. आम्ही हललो तर भिंत रस्त्यावर राहील.

निघताना कोरीनने काच खाली केली. "काही सांगायचंय का, मार्लिस? काही आणायचं वगैरे?"

"मजा करा," मी म्हटलं.

समोरची जागा रिकामी आहे. बरं वाटायला हवं होतं.

११ जानेवारी

लाकूड आलं. चुकीच्या जाडीचं! लूपे कंपनीला शिव्या घालत परत पाठवायला घेऊन गेली. ड्वेन ताडपत्रीच्या मागे बसून पत्ते लावत होता. मी म्हटलं, "कोरीन बघ, वाळवंटात शेकोटीपाशी बसली असेल." तो म्हणाला, "असेल." पत्त्यांवरून डोळे उचलले नाहीत.

हल्ली तो माझ्याशी कमी बोलतो. की मला वाटतं?

२० जानेवारी

आले. काय तो ट्रेलर! दोन आठवडे वाळवंटात राहून धुळीचा कण नाही. चकाचक. माणसाने किती पुसावं! कोरीन थकलेली दिसली. जत्रेत काय पाहिलं विचारलं तर म्हणाली, "गर्दी होती." बस्स. एरवी हिला दुकानाची रांगसुद्धा अर्धा तास वर्णन करून सांगता येते.

मला दाखवायचं नसेल. माझ्या पोटात दुखेल म्हणून. म्हणजे आता दयाही करायला लागली!

सात दिवस उरलेत.

२४ जानेवारी

आज जवळजवळ बोललेच. ती कपडे वाळत घालत होती. गेले, चिमटे हातात दिले. म्हटलं, "कोरीन, ऐक." ती पटकन वळली. इतकी पटकन, की मी घाबरले. चेहरा असा केला होता की जणू मी आता काही देणार आहे तिला.

म्हटलं, "मोजे उलटे घालतेस तू, लवकर वाळत नाहीत."

तिने मोजे सुलटे केले. एकेक करून.

२७ जानेवारी

आज संपली तिची वॉरंटी.

२८ जानेवारी

आनंद होईल असं वाटलं होतं. आता दोघी सारख्या, आता ती पण फोनवर गाणी ऐकेल, आता ती पण टेबलावर चढेल. दिवसभर वाट पाहिली त्या आनंदाची. नाही आला. पेकान घातलेला अख्खा केक मीच खाल्ला आणि ओकले.

आईची अंगठी आठवली. ती कोरीनला दिली तेव्हा कोरीन रडत होती. हे मी कधी लिहिलं नाही. ती म्हणाली होती, "ही मार्लिसची आहे, आई." आई झोपी गेली होती. मग कोरीनने ती मला देऊ केली, दोनदा, आणि मी घेतली नाही. घेतली असती तर मला तिच्यावर रागावता आलं नसतं.

३ फेब्रुवारी

आमची भिंत झाली! लूपेने आज शेवटचा स्क्रू मारला. हाताने थापटली तर ठक्क वाजली. जाताना मी विचारलं, सहज विचारल्यासारखं, की वॉरंटी संपली आणि कोपरा तसाच राहिला तर काय होतं.

"इथे पाऊस पडत नाही तोवर काही नाही," ती म्हणाली. "दोन मोठे पाऊस पुरतात मग. कधी कधी तर भिंत वाचवण्यासारखी राहतच नाही. भंगारात देतात." मग आकाशाकडे बघून म्हणाली, "परवा येणार म्हणतात."

५ फेब्रुवारी

पहाटे पाऊस आला. असा पाऊस यूमात मी पाहिला नव्हता. रस्ता नाही, ओढा!

पडल्या पडल्या ऐकत होते. प्रत्येक थेंब कोरीनच्या कोपऱ्यात जातोय असं वाटत होतं. तिने घर विकलंय. लाइलच्या हृदयाच्या दोन झडपा बदललेल्या आहेत. भंगारात देतात, म्हणाली होती लूपे. आणि मी पंचावन्न दिवस गप्प बसले होते. मोजले मी, पडल्या पडल्या.

उठले. ड्वेनची शिडी, लूपे ठेवून गेली होती ती रुंद चिकटपट्टी, आणि निळी ताडपत्री. अंगात नाताळचा स्वेटर. उजाडलं होतं, पण समोरचं दिसत नव्हतं. कोरीनच्या ट्रेलरच्या मागे शिडी लावली आणि चढले. मी! गुडघ्यात दोन सुया घेऊन राहणारी मी! चौथ्या पायरीवर हात पोचला. पट्टीच्या वरच्या टोकाला चिकटपट्टी लावणार, तर बोटांना गुळगुळीत लागलं. पाणी पुसून बघितलं. जाड, पांढरं, ताजं सीलंट. खालपर्यंत. आणि स्क्रू नवे कोरे, चमकणारे, सगळे.

वरची खिडकी उघडली. कोरीन. केस विस्कटलेले, डोळे मोठे.

"मार्लिस! मान मोडून घेशील! उतर खाली!"

"तुझा कोपरा... पाणी जाईल..."

"नाही जाणार. जानेवारीत करून घेतला आम्ही. क्वार्ट्झसाइटला नव्हतो गेलो. मेसाला होतो. आतलं लाकूड सडायला लागलं होतं, सगळं बदलून दिलं त्यांनी."

मी शिडीवर तशीच. नाकातून पाणी गळतंय. आधी जीव भांड्यात पडला, खरंच पडला. आणि मग, देवा शपथ, पुढच्याच क्षणाला माझं डोकं फिरलं.

"म्हणजे तुला माहीत होतं!" मी ओरडले. "तुला माहीत होतं आणि तू मला बोलली नाहीस! महिनाभर! मी इथे मरतेय आणि तू गपचूप जाऊन सगळं नवं करून आलीस! सख्खी बहीण ना मी तुझी? अशी पोटात ठेवून बसतात का?"

बाजूच्या दोन ट्रेलरांचे पडदे हलले. हलू देत.

 पाऊस कोरीनच्या तोंडावर येत होता तरी तिने खिडकी लावली नाही. मग म्हणाली, "स्वेटर भिजला तुझा. आत ये, सुका देते."

"नको मला तुझं काही!"

उतरले, ताडपत्री तिथेच टाकली, घरी आले. ओलीच बसून हे लिहिते आहे. माझी बहीण असं वागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. कधीच नाही!

६ फेब्रुवारी

पाऊस थांबला. ड्वेन सकाळी माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "लाइलला मी सांगितलं. पंधरा डिसेंबरला. तीन दिवस तुझी वाट पाहिली, मग सांगितलं. तू लूपेला काय म्हणालीस तेही सांगितलं."

मी विचारलं, मग कोरीन मला एका शब्दाने का नाही बोलली?

"लाइल भांडायलाच येणार होता. तिने येऊ दिला नाही. म्हणाली, कोणी तिला काही बोलू नका. मार्लिस सांगेल मला. ती स्वतःहून येऊन सांगेल."